स्प्रिंगवरचा आकडा आणि चाकापर्यंत पोचणारा आकडा

प्रश्न (रत्नागिरी) : माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी, दोन आसनांची एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आडव्या हातांनी धरलेले आहे. मूळ स्प्रिंगा बसल्यामुळे (म्हणजे त्यांची उंची कमी झाल्यामुळे) गेल्या दिवाळीत मी पुढे १० किलोच्या आणि मागे ८ किलोच्या स्प्रिंगा असलेला कॉइलओव्हरचा (शॉक अॅब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग असलेला) संच बसवला आणि गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली. अँटी-रोल बार, म्हणजे वळणावरचे झुकणे रोखणारे दांडे, मात्र मूळचेच आहेत. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर गाडी सुरेख वळते. पण जुलैमध्ये आंबा घाट उतरून साखरप्याकडे येताना ओल्या वळणावर तिचा मागचा भाग दोन वेळा अचानक बाहेर गेला. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा कडक असताना गाडीने उलट पुढून रेटायला, म्हणजे कमी वळून सरळ जायला, हवे होते ना? आणि आपल्याकडच्या रस्त्यांसाठी किती किलोची स्प्रिंग घ्यावी? मोजमापे सोबत पाठवत आहे.

उत्तर : मोजमापे पाठवलीत म्हणून तुमचे विशेष आभार मानतो, कारण या सदराकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ पत्रांत गाडीचा रंग असतो, पण वजन नसते. बागायतदार मित्राकडून आंब्याच्या पेट्या तोलायचे ३०० किलो क्षमतेचे चार काटे आणून, ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने एका पातळीत लावून, आणि स्वतः चालकाच्या जागी बसून तुम्ही चारही चाकांवरचे वजन घेतलेत. पुढे डावीकडे २६८ आणि उजवीकडे २७२, मागे डावीकडे २५६ आणि उजवीकडे २६४, असे एकूण १०६० किलो भरले. स्प्रिंगा काढून, जॅकने चाक ५० मिलिमीटर वर उचलल्यावर शॉक अॅब्सॉर्बर पुढे ३३ आणि मागे ३८ मिलिमीटर दबला, हेही तुम्ही लिहून ठेवले आहे. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या शेवटच्या दोन आकड्यांत आहे.

स्प्रिंगवर छापलेले ‘१० किलो’ म्हणजे ती स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला १० किलो भार लागतो. न्यूटनमध्ये सांगायचे तर ९८ न्यूटन प्रति मिलिमीटर. परंतु हा आकडा स्प्रिंगच्या टोकापाशी खरा असतो, चाकापाशी नाही. विशबोन ही एक तरफ आहे. स्प्रिंग तिच्या मध्यावर कुठेतरी बसते आणि चाक टोकाला असते, त्यामुळे चाक ५० मिलिमीटर हलले तरी पुढची स्प्रिंग ३३ मिलिमीटरच दबते. हे गुणोत्तर पुढे ०.६६ आणि मागे ०.७६ येते. त्याचा परिणाम मात्र दोनदा होतो, कारण स्प्रिंग कमी दबल्यामुळे तिचा जोर कमी असतो आणि तो कमी जोरही तरफेतून चाकापर्यंत जाताना पुन्हा त्याच प्रमाणात घटतो. म्हणून गुणोत्तराचा वर्ग धरायचा असतो. पुढे तो ०.४३६ आणि मागे ०.५७८ आहे. आता गुणाकार करून पाहा. पुढची १० किलोची स्प्रिंग चाकापाशी फक्त ४२.७ न्यूटन प्रति मिलिमीटर भरते आणि मागची ८ किलोची स्प्रिंग ४५.३ भरते. म्हणजे तुमच्या गाडीत कागदावर पुढची स्प्रिंग कडक आहे आणि रस्त्यावर मागची. दोन वेगळ्या गाड्यांचे मालक आपापल्या स्प्रिंगांच्या किलोंची तुलना करत बसतात, तेव्हा ते बहुधा अशीच निरर्थक तुलना करत असतात.

कडकपणा एवढ्यानेही पुरता कळत नाही, कारण तोच कडकपणा जड गाडीला मऊ वाटेल आणि हलक्या गाडीला दगडासारखा. यासाठी स्प्रिंगवर तोललेले वजन, म्हणजे चाक, ब्रेक आणि हब वजा करून उरलेले वजन, आणि चाकापाशीचा कडकपणा यांपासून गाडीच्या शरीराची नैसर्गिक वारंवारता काढतात. तुमच्या गाडीत चाक-हबचे वजन पुढे ३२ आणि मागे ३४ किलो धरले, तर प्रत्येक कोपऱ्यावर पुढे २३८ आणि मागे २२६ किलो उरतात. या हिशेबाने तुमची गाडी पुढे सेकंदाला २.१३ आणि मागे २.२५ वेळा हेलकावेल, म्हणजे तितके हर्ट्झ. साध्या प्रवासी गाडीचा हा आकडा १ ते १.५ हर्ट्झच्या दरम्यान असतो, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचा साधारण १.५ ते २, आणि हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारे पंख नसलेल्या शर्यतीच्या गाडीचा २ ते २.५. थोडक्यात, कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या सपाट ट्रॅकवर शोभेल असा संच तुम्ही साखरप्याच्या रस्त्यावर आणला आहे.

आता मागचा भाग का सुटतो ते पाहू. वळणावर बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकते, हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरते. तुमच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८ सेंटिमीटरवर आणि रुंदी १.४२ मीटर धरली, तर गुरुत्वाच्या ०.८ पट जोराच्या वळणावर सुमारे २८७ किलो आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातात. स्प्रिंग कितीही कडक केली तरी या २८७ किलोंतला एकही किलो कमी होत नाही, फक्त गाडी कमी झुकते. स्प्रिंगा आणि बार मिळून जे ठरवतात ते एवढेच, की या २८७ पैकी पुढच्या जोडीने किती उचलायचे आणि मागच्या जोडीने किती. टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावरचे वजन दुप्पट केले तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून ज्या जोडीवर जास्त वजन सरकते त्या जोडीची एकत्रित पकड आधी संपते. पुढची संपली तर गाडी पुढून रेटते, मागची संपली तर मागून सुटते.

ही वाटणी तुमच्या गाडीत कशी बदलत गेली, ते पाहण्यासारखे आहे. बारच्या जाड्या तुम्ही पुढे १९ आणि मागे १२ मिलिमीटर लिहिल्या आहेत. भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे नुसत्या जाडीवरून पुढचा बार मागच्याच्या सहापटींहून जास्त कडक ठरेल, पण मागच्याचे हात आखूड असल्याने मी तो फरक साडेचारपट धरतो. म्हणजे पुढे साधारण १८० आणि मागे ४० न्यूटन-मीटर प्रति अंश. मूळच्या बसलेल्या स्प्रिंगा पुढे सुमारे ३ आणि मागे २.२ किलोच्या होत्या, असे तुम्ही कळवले आहे. त्या स्प्रिंगा आणि हे बार मिळून झुकण्याला होणाऱ्या एकूण विरोधात पुढच्या जोडीचा वाटा ६० टक्के येत होता. आता तुम्ही स्प्रिंगा तिपटीहून अधिक कडक केल्या आणि बार तेच ठेवले. पूर्वी पुढच्या बाजूचा जवळजवळ निम्मा भार बार वाहत असे. आता स्प्रिंगांच्या जोरापुढे त्याचा आवाजच उरला नाही, आणि चाकापाशी तुमच्या मागच्या स्प्रिंगा अधिक कडक असल्यामुळे पुढचा वाटा ५२ टक्क्यांवर आला. रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) आणि टायरचा स्वतःचा लवचिकपणा मी या हिशेबात सोडून दिला आहे, त्यामुळे हे टक्के तंतोतंत धरू नका. पण ६० कडून ५२ कडे झालेला प्रवास खरा आहे आणि त्याची दिशा ओव्हरस्टीअरची, म्हणजे मागून सुटण्याची आहे. बारना हात न लावता फक्त स्प्रिंगा कडक करणाऱ्या पुष्कळ लोकांच्या हे ध्यानातच येत नाही.

कोरड्या रस्त्यावर हा तोल तुम्हाला आवडला, यात नवल नाही. पावसात दुसरीही अडचण आली असणार, आणि ती मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते. उभ्या गाडीच्या वजनाने तुमचे पुढचे चाक आज फक्त ५५ मिलिमीटर इतके दबलेले असते, मागचे त्याहूनही कमी. याचा अर्थ असा, की चाक तेवढे खाली गेले की स्प्रिंगमध्ये त्याला रस्त्यावर दाबायला काहीही शिल्लक राहत नाही. घाटात साइडपट्टी खचलेली असते, मोरीवर डांबर बसलेले असते, आणि श्रावणातला खड्डा गढूळ पाण्याने भरला की किती खोल आहे ते दिसतही नाही. अशा जागी कडक स्प्रिंगवरचे चाक क्षणभर लोंबकळते, आणि वळणावर लोंबकळणारे चाक म्हणजे नसलेले चाक. त्यातच गाडी ३० मिलिमीटर खाली घेतल्यामुळे बम्प स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत, वर जायला तुम्ही मोजल्याप्रमाणे ४५ मिलिमीटरच उरले आहेत. वळणात बाहेरचे मागचे चाक एखाद्या उंचवट्यावर चढून स्टॉपला टेकले, की त्या क्षणी मागचा कडकपणा एकदम कितीतरी पटींनी वाढतो, वजनाची वाटणी मागे उडी घेते आणि मागचा भाग सूचना न देता निघतो. ‘अचानक बाहेर गेला’ या तुमच्या शब्दांवरून माझा पहिला संशय इथेच जातो. खात्री करायची असेल, तर मागच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्यावर प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधा आणि एकदा घाट उतरून या. ती वर ढकलली जाऊन स्टॉपला चिकटलेली सापडली, तर आणखी पुरावा नको.

तेव्हा माझा सल्ला पुढे ५ आणि मागे ४ किलोच्या स्प्रिंगांचा आहे. चाकापाशी त्या २१.४ आणि २२.७ न्यूटन प्रति मिलिमीटर भरतील, वारंवारता पुढे १.५१ आणि मागे १.५९ हर्ट्झ येईल, आणि पुढचा वाटा सुमारे ५५ टक्क्यांवर जाईल. त्याच जोराच्या वळणावर मूळ स्प्रिंगांवर गाडी सुमारे साडेचार अंश झुकत होती, ती आता तीन अंश झुकेल. आज ती पावणेदोन अंश झुकते, आणि हा सव्वा अंश परत देणे तुम्हाला जड जाईल याची मला कल्पना आहे. पण झुकणे हा डोळ्यांना दिसणारा दोष असतो आणि पकड ही न दिसणारी कमाई. घाटात मी दुसरी निवडेन.

मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त का, हेही सांगायला हवे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मग मागच्या. तुमच्या गाडीच्या चाकांमधले अंतर २.२७ मीटर आहे, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला मागचे चाक ०.१४ सेकंद उशिरा त्याच खड्ड्यात जाते. मागची बाजू किंचित वेगाने हेलकावली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचे नाक-शेपूट असे डोलणे लवकर थांबून सगळी गाडी एकसारखी वर-खाली होते. मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने रोल्स-रॉईसमध्ये आणि १९३० पासून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करताना हे तत्त्व मांडले. आजही त्यावरून फारसे कोणी हटलेले नाही, शर्यतीवाले सोडून. शर्यतीवाले कित्येकदा पुढची बाजू जास्त कडक ठेवतात, कारण त्यांना स्टीअरिंगचे उत्तर ताबडतोब हवे असते. तुम्ही वर्षातून दोनदा ट्रॅकवर जात असाल तर त्या दिवसांपुरते पुढे ६ आणि मागे ४ करून पाहा. पुढचा वाटा ५८ टक्के होईल. ६ आणि ५ ही जोडी दुकानात सहज मिळते आणि दिसायला समंजस वाटते, पण तुमच्या तरफांच्या गुणोत्तरामुळे ती वाटा ५३ टक्क्यांवर आणून ठेवते, म्हणजे तुमच्या मूळ तक्रारीच्या अगदी शेजारी.

मऊ स्प्रिंग बसवताना तिची लांबी विसरू नका. पुढच्या स्प्रिंगवर तरफेमुळे प्रत्यक्षात ३६० किलो भार येतो. १० किलोची स्प्रिंग त्याने ३६ मिलिमीटर दबत होती, ५ किलोची ७२ दबेल, आणि वर चाकाला ७० मिलिमीटर उचलता यावे म्हणून आणखी ४६ मिलिमीटर लागतील. म्हणून कड्या एकमेकींना भिडण्याआधी पुढे किमान १२५ आणि मागे किमान १३५ मिलिमीटर दबू शकेल, अशीच स्प्रिंग मागा. गाडी निदान २० मिलिमीटर परत वर घ्या. हा सल्ला मी भोगून देत आहे. पूर्वी माझी स्वतःची गाडी अशीच खाली बसवलेली होती, आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढताना ओहोटीमुळे फळी इतकी तिरपी झाली होती की पुढचा बंपर फळीत आणि मागची चाके धक्क्यावर, अशा अवस्थेत गाडी अडकली. मागे एसटीने आलेली मंडळी, कोंबड्यांच्या दोन टोपल्या आणि एक अधीर टेम्पो. पोरांनी हसत हसत गाडी मागे ढकलली, आणि त्याच आठवड्यात मी उंची बदलली.

शॉक अॅब्सॉर्बरचा विचार स्प्रिंगबरोबरच करावा लागतो. लागणारे दमन, म्हणजे हेलकावे शमवण्याचा जोर, कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. तुमच्या संचातले शॉक अॅब्सॉर्बर १० आणि ८ किलोंसाठी बांधलेले आहेत. स्प्रिंगचा कडकपणा निम्मा केल्यावर तेच शॉक अॅब्सॉर्बर गरजेपेक्षा सुमारे ४१ टक्के जास्त घट्ट ठरतील. विशेषतः परत उघडण्याच्या दिशेने ते घट्ट राहिले, तर ओळीने खड्डे आले की चाक पुरते खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू खाली खेचली जाते, आणि आपण पुन्हा बम्प स्टॉपवर येऊन बसतो. तुमच्या संचाला वरून फिरवायची खुंटी असेल तर ती मऊ बाजूला नेऊन सुरुवात करा; तेवढ्याने भागले नाही तर आतले व्हॉल्व्ह बदलून घ्यावे लागतील, आणि त्याचा खर्च स्प्रिंगांपेक्षा जास्त येतो हे आधीच सांगून ठेवतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मागच्या अँटी-रोल बारची एका बाजूची लिंक (बारला सस्पेन्शनशी जोडणारी दांडी) सोडा आणि सुटलेले टोक कशाला लागणार नाही असे बांधून ठेवा. एक लिंक सुटली की बार काहीच काम करत नाही. पुढचा वाटा ५५ वरून साधारण ५७-५८ टक्क्यांवर जातो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी पुढून थोडी रेटत का होईना, पण सांगून-सवरून सुटते. दसऱ्यानंतर परत जोडा. दहा मिनिटांचे काम आहे. नोंदणीपत्रातल्या तपशिलांना छेद देणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही, याचीही आठवण ठेवा. म्हणून मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका.

प्रश्न (मालवण) : माझ्या हॅचबॅकची उंची कमी करण्यासाठी गॅरेजमध्ये स्प्रिंगची एक कडी कापून देतो म्हणतात. खर्च जवळजवळ नाही. गाडी ‘स्पोर्टी’ होईल का?

उत्तर : कडक होईल, स्पोर्टी होईलच असे नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या कड्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा कड्यांमधली एक कापली तर उरलेल्या पाच कड्यांची स्प्रिंग २० टक्के कडक होते. पण उंची त्याहून फार जास्त उतरते, म्हणजे खड्ड्यात दबायची जागा जितकी जाते त्या मानाने कडकपणा वाढत नाही, आणि गाडी दिवसभर बम्प स्टॉपवर आपटत राहते. शिवाय कापलेले टोक बैठकीत सपाट बसत नाही. चाक लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून फिरते. ही कापाकापी गॅस कटरने झाली असेल तर आगीजवळच्या तारेचा ताव उतरलेला असतो आणि तिथेच पुढे ती मोडते. असे मोडलेले एक टोक टायरच्या आतल्या भिंतीत घुसलेले मी माझ्या हाताने काढले आहे. खर्च जवळजवळ नाही, हे मात्र खरे. पहिल्या वर्षी.

प्रश्न (गुहागर) : घर समुद्रापासून दोनशे मीटरवर आहे. पाच वर्षांत दोनदा स्प्रिंग मोडली, दोन्ही वेळा सर्वांत खालची कडी. स्प्रिंग जास्त कडक घेतली तर टिकेल का?

उत्तर : कडकपणाचा या दुखण्याशी संबंध नाही. खालच्या कडीच्या बैठकीत तांबडी माती आणि वाळू साचते, खारा वारा त्यात मीठ मुरवतो, आणि कडी त्यात दर वेळी घासत राहते. आधी रंग जातो, मग पोलादात सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. स्प्रिंगमध्ये पिळाचा ताण सर्वांत जास्त तारेच्या पृष्ठभागावर असतो, त्यामुळे असा बारीक खड्डासुद्धा तडा सुरू करायला पुरतो. तो तडा लाखो वेळा उघडतो-मिटतो, आणि एके दिवशी अंगणात उभ्या असलेल्या गाडीतून रात्री ‘टण्‌’ असा आवाज येतो.

बैठकीतला रबर बदलून घ्या, तिथले पाणी वाहून जाण्याचे भोक मोकळे करा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला गोड्या पाण्याची नळी चाकाच्या आतून खालच्या कडीवर धरा. नवी स्प्रिंग घेताना पावडर कोटिंग कुठे टवका उडून गेले आहे का, ते नखाने तपासा. एक मोडली तर त्या धुऱ्यावरची जोडी बदला, कारण दुसरीनेही तितकेच मीठ खाल्लेले असते. गंजाने तार बारीक होण्याची किंमतही मोठी आहे: जाडी ५ टक्क्यांनी घटली तर कडकपणा सुमारे १९ टक्क्यांनी घटतो, आणि डावी-उजवी बाजू असमान गंजली तर गाडी दोन्हीकडच्या वळणांवर वेगळी वागते. गंज नसलेली जुनी स्प्रिंग मात्र बसते, म्हणजे तिची उंची कमी होते. कडकपणा फारसा बदलत नाही.

प्रश्न (सावंतवाडी) : पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आंबोली घाटात पुढून रेटते. मागे जास्त कडक स्प्रिंगा टाकाव्यात, असे मित्र म्हणतो.

उत्तर : मित्राचा सिद्धान्त बरोबर आहे, वेळ आणि जागा चुकीची. मागची बाजू कडक केली की वजनाची वाटणी मागे जाते आणि पुढच्या टायरांना उसंत मिळते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या त्यासाठीच वळणात आतले मागचे चाक हवेत उचलून धावतात. परंतु आंबोलीचे धुके आणि शेवाळलेला डांबरी रस्ता यांत पुढून रेटणारी गाडी ॲक्सिलरेटर सोडला की ताळ्यावर येते, मागून सुटणारी येत नाही. आधी टायरचे वय आणि हवा पाहा, अलाइनमेंट करून घ्या. एवढे करूनही कोरड्या दिवसांत तक्रार उरली, तर स्प्रिंगांना हात न लावता मागच्या ॲक्सल बीमला बसणारा पातळ जोड-बार मिळतो, तो लावून पाहा. आवडला नाही तर काढता येतो.

प्रश्न (दापोली) : भंगारवाल्याकडून स्प्रिंगांची चांगली जोडी मिळाली आहे, पण तिच्यावर आकडाच नाही. ती किती किलोची, हे घरी ओळखता येईल का?

उत्तर : येईल. तारेची जाडी, वेटोळ्याचा सरासरी व्यास आणि काम करणाऱ्या कड्या एवढे मोजा. जाडीचा चौथा घात घ्या, त्याला ७९,००० ने गुणा, आणि व्यासाचा घन, कड्यांची संख्या व ८ यांच्या गुणाकाराने भागा. मापे मिलिमीटरमध्ये असली की उत्तर न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये येते. समजा तार १२ मिलिमीटरची, सरासरी व्यास १०० आणि कड्या सहा, तर उत्तर ३४ येते, म्हणजे साधारण साडेतीन किलो. दोन्ही टोकांच्या बैठकीत टेकलेला भाग कड्यांत धरायचा नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर स्प्रिंग सपाट लादीवर उभी करा, वर जाड फळी ठेवा, तिची उंची मोजा, आणि ५० किलोच्या सिमेंटच्या दोन गोण्या फळीवर अलगद ठेवून पुन्हा मोजा. फळी २८-२९ मिलिमीटर खाली गेली पाहिजे. गोण्या घसरल्या तर पाय वाचावेत म्हणून दोघांनी उभे राहून धरा, आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून हा प्रयोग करू नका.

चूक होते ती बहुधा दोन जागी. पट्टीने बाहेरून बाहेर व्यास मोजला तर वरच्या उदाहरणात तो ११२ भरेल. त्यातून तारेची जाडी वजा करायला विसरलात तर साडेतीन किलोची स्प्रिंग कागदावर अडीच किलोची होईल. आणि तारेवरचा रंग, गंजाचा पापुद्रा जाडीत धरला गेला, तर साडेअकराची तार बारा दिसते आणि उत्तर जवळजवळ १९ टक्के फुगते. म्हणून व्हर्निअर लावण्याआधी एका जागी रंग पोलादापर्यंत खरवडा, आणि मोजून झाल्यावर तिथे लगेच प्रायमर लावा. दापोलीची हवा आठवडाभरही थांबणार नाही.